कोंडूच्या कोयत्याची धार

कोंडूचा कोयता धसईच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून ठोकलेला. आमच्या मुरबाड तालुक्यात भाताचं बी पेरायच्या आधी ती जागा भाजतात, त्याला राब म्हणतात, आणि राबाला लागतात ऐनाच्या झाडांच्या डहाळ्या. त्या तोडायला कुणीही सोम्यागोम्या चढत नाही. कोंडूला शेजारच्या वाड्यांतून बोलावणं यायचं. दिवसाला आठ झाडांच्या डहाळ्या उतरवायचा, पण शेंड्याला हात लावायचा नाही. शेंडा राखला की झाड पुन्हा फुटतं.

चार वर्षांपूर्वी तो ऐनावरूनच पडला. त्या सकाळी धार लावायचा कंटाळा केला होता. बोथट कोयता फांदीवरून सटकला, तोल गेला, कोंडू पाठीवर आदळला. लोकांनी घोंगडीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणला आणि रिक्षात दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेला. बसवून. हे लिहिताना अजून माझं डोकं सणकतं. मणका मोडलेल्या माणसाला फळीवर आडवा बांधून न्यायचा असतो, हे मी आता संघटनेच्या कामाने गावोगाव फिरताना घसा फोडून सांगते. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू पडताना किती दुखावला आणि रिक्षात किती, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. बेंबीखाली हालचाल नाही आणि जाणही नाही.

अपंगाच्या दाखल्यासाठी मी त्याला तीन वेळा नेलं. टेबलामागच्या साहेबाने ‘पाय हलवून दाखवा’ म्हटलं, तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. कोंडूचं तिकडे लक्षच नव्हतं. परतताना म्हणाला, “ताई, साईनाथ आज कोनत्या झाडावर असंल?”

साईनाथ हा धाकटा भाऊ. आता तो चढतो. त्याच्यावरून कोंडूच्या पोटात चार वर्षं निखारा आहे. साईनाथ अंगणात आला की हा त्याच्या पोटऱ्यांकडे बघतो. बायकोने, हौसाने, भावजींना आधी चहा दिला की हा स्वतःचा कप पालथा घालतो. मला त्याचं नवल वाटत नाही. मी नववीत शाळा सोडली. संघटनेत माझ्यानंतर आलेल्या पदवीवाल्या पोरी सभेत खुर्चीवर बसतात आणि मी सतरंज्या उचलते, तेव्हा माझ्याही तोंडाला चहा कडू लागतो.

कोयता मात्र कोंडूने कुणाला दिला नव्हता. उशाखाली असायचा.

गेल्या माघात मी त्याच्या चाकाच्या खुर्चीसाठी नवी गादी घेऊन गेले. एका जागी बसून कातडी सडते आणि ते त्याला कळत नाही, म्हणून दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन त्याने अंग उचलायचं, असा माझा धाक आहे. तेवढ्यात साईनाथ आला. त्याच्या कोयत्याची मूठ फुटली होती.

“दादा, आजच्या दिस तुजा दे.”

मी आणि हौसा शिव्यांची वाट बघत राहिलो. कोंडूने उशाखाली हात घातला आणि कोयता पुढे केला. “घे.”

“धार?”

“रोज लावतो. दुसरं काय काम हाय मला?”

हौसा माझ्या कानाशी लागली, “सुदारलं गो ताई, तुमच्या बोलन्यानं.” मीही फुशारले.

कोंडूला बघायचं होतं, म्हणून आम्ही खुर्ची ऐनाखाली ढकलत नेली. साईनाथ चढला सुद्धा. डहाळ्या गोळा करायला आलेली सकुबाई वर बघत म्हणाली, “साईनाथ, भावाला मागं टाकलास रं.” कोंडूचा कान वर होता.

पहिला घाव बसला तो दबका, मडक्यावर थाप मारावी तसा. दुसराही तसाच. पाचव्याला साईनाथने फांदी धरलेला हात सोडला आणि कोयता दोन्ही हातांनी धरला.

“उतर,” कोंडू म्हणाला.

“का रे, बघवत नाय?”

“नाय बघवत. उतर.”

“येवढी फांदी पाडतो मंग…”

“साईनाथ, धार नाय लावली मी. पडलो त्या दिसापास्नं नाय लावली. उतर, बाबा.”

वरचा आवाज थांबला. साईनाथ एक एक खाच चाचपत खाली आला, घाम पुसला आणि कोयता कोंडूच्या मांडीवर टाकला.

“मला बी खुर्चीत घालनार व्हतास?”

“वाटलं व्हतं तसं,” कोंडू म्हणाला. त्याने मान खाली घातली नाही.

माझा हात शिवशिवत होता. साईनाथच मोठ्याने नाक शिंकरून म्हणाला, “दुसरी खुर्ची मिळाली नसती तुला. या एकीला ताईंना दोन वर्सं लागली.”

कुणी हसलं नाही. “हौसा, दगड आन पानी आन,” कोंडू म्हणाला.

त्याने तासभर धार लावली. दंड भरलेले, हात एकसारखा चालणारा. मधेच अंग उचलायला विसरत होता, दर वेळी मी आठवण करून देत होते. साईनाथ पाठ करून बसला होता, पण दगडाचा आवाज ऐकत होता. शेवटी कोंडूने जुन्या सवयीने पातं स्वतःच्या नडगीवर फिरवलं. केस भादरले गेले की धार लागली, अशी ही माणसं पारख करतात. त्याने कोयता उन्हात तिरपा धरून बघितला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा नडगीवर घासला.

साईनाथने वळून बघितलं.

“दादा, रगत.”

“कुटं?”

नडगीवरून घोट्यापर्यंत लाल ओघळ आला होता. साईनाथने डोक्याचा टॉवेल सोडला, गुडघे टेकून बसला आणि पाय आवळून बांधू लागला. कोंडू त्याच्या हातांकडे बघत होता, कुणा तिसऱ्याचाच पाय बांधला जात असल्यासारखा. मग त्याची नजर साईनाथच्या पोटऱ्यांवर गेली आणि तिथेच राहिली.

“म्हंजे लागली धार,” तो म्हणाला आणि मूठ भावाकडे करून कोयता पुढे केला. “चढ आता. आन शेंडा राख.”