चित्राखालचं बटण

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तयार बटण दिसलं की आमच्या ऑफिसातले खासनीस सर नाक मुरडायचे. "पडद्यावर जे दिसेल ते माझ्या हातचं," असं ते दिवसातून चारदा ऐकवत. म्हणजे टाकी, नळ, फिरणारं पातं, अगदी वरचा फेससुद्धा ते कोड लिहून चितारायचे, आणि तेही थेट प्रोग्रॅमच्या खिडकीवर. चित्राला वेगळी चौकट द्यावी आणि बटणं तिच्या बाहेर ठेवावीत, हे नवशिक्यालाही कळतं. सरांना वीस वर्षांत कळलं नव्हतं.

पिरंगुटच्या एका रंगाच्या कारखान्यात आमचा प्रोग्रॅम चालायचा. टाकीत रंग चढेल तशी पडद्यावरची टाकी भरायची आणि वेळेवर ऑपरेटरने 'बंद' दाबायचं. पण टाकी अर्ध्यावर गेली की सरांचं चित्र नेमकं त्या, नाइलाजाने ठेवलेल्या एकमेव तयार बटणावर पसरायचं. बटण जागेवरच असायचं, दिसायचं मात्र नाही. माउस वरून गेला तरच क्षणभर उगवायचं.

"सर, चित्राला चौकट घालू का?" मी विचारलं. मी जवळच्याच माण गावची, नोकरीत नवी.

"कलेला कुंपण? तुमच्या गावाकडे जमिनींचं प्लॉटिंग फार झालंय, म्हणून तेच सुचतं."

शेवटी उपाय काढला तो नेऱ्याच्या बबनरावांनी, तिथल्या ऑपरेटरनी. त्यांनी काचेवर, बटणाच्या जागी, लाल टिकली चिकटवली. "आमच्या मंडळींची हाय. टिकलीवर बाण न्यायचा आन् दाबायचं. साहेबांचं चित्र लई भारी, पर बटन हुडकत बसलो तर रंग माझ्या बोकांडी."

एके दिवशी बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते, म्हणून सर आणि मीही तिथे गेलो होतो. सरांनी माझ्यादेखत नखाने टिकली खरवडली आणि रुमालाने काच पुसली. "चित्राची शोभा जाते," म्हणाले. दुपारी टाकी उतू गेली. निळा रंग जिन्यावरून पार दारापर्यंत आला.

कारखान्याच्या मालकांच्या केबिनमध्ये सरांनी निवाडाही देऊन टाकला. "ऑपरेटर बेफिकीर आहे. बदला त्याला." बबनराव दाराशी उभे होते, घोट्यापर्यंत निळे. "जा म्हणलं तर जातो," ते म्हणाले, "पर बटन दिसतच न्हवतं."

मला राहवलं नाही. टिकली कुणी काढली ते मी सांगितलं, आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर खोटी टाकी भरून दाखवली. सगळ्यांसमोर बटण गडप झालं. सर पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी शरमतील.

"पातळी बघा," ते म्हणाले, "किती सुरेख चढतेय!"

इतकी मनापासून किळस मला आजवर कुणाची आली नाही.

बबनरावांची नोकरी वाचली. सर आता कुठल्याशा कॉलेजात हाच विषय शिकवतात, पोरांचं नशीब. मी चित्राला चौकट घातली, बटण बाजूला घेतलं, चांगलं मोठं केलं. महिन्याने कारखान्यात गेले तर त्या नव्या बटणावरही टिकली होती.

"बबनराव, आता दिसतंय की. काढा ती."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "तुमी बी त्याच हापिसातल्या."