ठोकळ्यांची पिवळी बस

मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला मी अकोल्याहून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक डबा आणला होता. त्यातून ट्रॅक्टर जोडायचा होता. तिने दोन चाकं लावली, कंटाळली आणि शेजारी खेळायला गेली. उरलेला ट्रॅक्टर मी पूर्ण केला. ठोकळ्यावर ठोकळा दाबला की बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि तुकडा आपल्या जागी बसतो. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे कागद पुढं सरकवणाऱ्या माणसाला तो आवाज फार आवडला. मी नांदुऱ्यातल्या एका शिक्षणसंस्थेत कारकून होतो. अजूनही आहे.

ट्रॅक्टरनंतर जीप झाली, जीपनंतर कापसाचा ट्रक. बायको म्हणायची, "लेकराचं खेळणं बापानं बळकावलं." तिचं चुकत नव्हतं. तुकडे मी कुरियरने मागवायचो आणि रंगांप्रमाणे बरण्यांत भरून ठेवायचो.

दादा, माझा मोठा भाऊ, याच संस्थेच्या स्कूलबसवर ड्रायव्हर होता. आम्ही एकाच घरात राहायचो, तो खाली, मी वर. एका रविवारी दुपारी तो वर आला. मी पिवळी बस जोडत होतो, त्याचीच. कमरेवर हात ठेवून त्याने ती थोडा वेळ पाहिली.

"ड्रायव्हर कुठं बसवला बे तू? चाकाच्या मागं? बसमध्ये ड्रायव्हर चाकाच्या वर बसते."

मी पुढचा सगळा भाग उकलला. त्या दिवसापासून दर रविवारी तो यायला लागला. मोठ्या बोटांत बारीक तुकडे धरता येत नव्हते म्हणून तो फक्त सांगायचा, मी जोडायचो. आरसा केवढा असतो, दार कुठल्या बाजूला दुमडतं, आपत्कालीन खिडकी कोणती. छपरावरचा एक तुकडा हिरवट पिवळा होता, तोही त्यानेच काढायला लावला. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतील अशी दातेरी चाकांची रचना मी सातव्या की आठव्या वेळी जमवली, तेव्हा दादाने ती बस टेबलावर गोल गोल फिरवली आणि लहान पोरासारखा हसला. आम्हा दोघांत एवढं बोलणं लग्नं झाल्यापासून कधी झालं नव्हतं.

त्याच टेबलापाशी एका रविवारी तो म्हणाला, "एक अर्ज लेहून दे. ब्रेक पायाखाली जाऊन राह्यला, लवकर लागत नाही. तोंडी दोनदा सांगतलं, कोणी ऐकत नाही."

तो सांगत गेला, मी लिहिलं. त्याने सही केली. सोमवारी ऑफिसात मी त्यावर शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि सचिवांच्या टेबलावर ठेवला. दादाला म्हटलं, "पोच घेऊन ठेव."

"तू असताना पोच कशाले?" तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात शाळेचं प्रदर्शन होतं. कोणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं आणि माझी बस मधल्या टेबलावर मांडली गेली. अध्यक्षांनी स्वतः स्टिअरिंग फिरवून पाहिलं. मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. चौदा वर्षांच्या नोकरीत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा बसलो. ते म्हणाले, "तुमच्या हातात कला आहे. ही बस इथंच राहू द्या." त्यांनी केबिनमध्ये तिच्यासाठी काचेची पेटी करून घेतली. घरी येऊन मी दादाला सांगितलं. त्याने विचारलं, "अन् ब्रेकचं काही बोलले काय?"

मी ते विचारलंच नव्हतं. खुर्ची मिळाल्याच्या आनंदात माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी सातवीची सहल बुलढाण्याकडे गेली. परतताना राजूर घाटात ब्रेक लागला नाही. एका बाजूला दरी होती. दादाने बस डोंगराच्या बाजूला घासत नेली आणि खडकावर घातली. जीव कोणाचा गेला नाही. एका मुलीचा पाय मोडला, एका बाईंच्या खांद्याचं हाड मोडलं, चार-पाच लेकरांना टाके पडले. दादाचा उजवा गुडघा कामातून गेला. दवाखान्यात त्या मुलीचे वडील त्याच्या पाया पडले, म्हणाले, "तुमच्यामुळं वाचली." दुसऱ्याच दिवशी निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

त्याच आठवड्यात सचिवांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत, धमकीही दिली नाही. फक्त म्हणाले, "आवक रजिस्टर फारच फाटलंय. नवीन करून घ्या. लागेल तेवढंच उतरवा."

मी ते रजिस्टर स्वतःच्या अक्षरात नवीन केलं. दोन दिवस लागले. दादाच्या अर्जाची ओळ आली तिथं मी थांबलो, चहा मागवला, चहा प्यायलो आणि पुढची ओळ लिहिली. नंबर एकेक करून मागं सरकवले. अर्ज सचिवांच्या टेबलावरून कुठं गेला, ते मला माहीत नाही. विचारलं नाही म्हणून माहीत नाही.

चौकशी अध्यक्षांच्या केबिनमध्ये झाली. दादा कुबडी घेऊन आला होता. त्याने सांगितलं, "म्या अर्ज देला होता. नांदुऱ्यातच, याच ऑफिसात." चौकशीला बाहेरून एक निवृत्त अधिकारी बोलावले होते. त्यांनी मला विचारलं, "असा काही अर्ज आला होता का?"

मी कोणाकडे पाहिलं, ते सांगतो. दादाकडे नाही, सचिवांकडेही नाही. काचेच्या पेटीतल्या बसकडे पाहिलं आणि म्हणालो, "माझ्या आठवणीत नाही. रजिस्टर पाहून घ्यावं."

त्यांनी पाहिलं. दादाला कामावरून काढलं.

संध्याकाळी तो खालच्या ओट्यावर बसला होता. मी जिन्याकडे वळलो तसा म्हणाला, "अर्ज तूच लेहला होता ना बे?"

"हो."

"मंग?"

"दादा, मले लेकरं आहेत."

"अन् मले काय कुत्रे आहेत?"

एवढंच. आवाज चढवला नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं. महिनाभरात ते सगळे शेगावला गेले. तिथल्या एका लॉजवर त्याला काम मिळालं, पाहुण्यांचं सामान वर नेण्याचं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला जिन्याचं काम.

इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात, नोकरीचा प्रश्न होता, तुम्ही तरी काय करणार. त्यांना मी पुढचं सांगत नाही. दिवाळीनंतर संस्थेने नवीन बस घेतली. अध्यक्ष म्हणाले, "आता हिचीही प्रतिकृती होऊन जाऊ द्या." मी ती केली. चार महिने लागले. ही बस लांब होती, काचा मोठ्या होत्या, पुढचा भाग गोलाकार होता. चौकोनी ठोकळ्यांतून गोलाई आणायला मी चपटे तुकडे आडवे लावले, सांधे लपवले. खोटं कशाला बोलू, मजा आली. दादाची आठवण यायची ती फक्त एखादं माप अडलं की. मग मी मोबाइलवर फोटो शोधायचो. कोर्टातली त्याची केस त्याच चार महिन्यांत चालू होती आणि मी गोलाईत गुंतलो होतो.

बस दिल्यावर हात रिकामे झाले. मग झोपेना. शेवटी एका कागदावर मी सगळं लिहून काढलं, अर्ज, रजिस्टर, माझं उत्तर. खाली सही केली आणि पॅसेंजरने शेगावला गेलो.

लॉज मंदिराच्या रस्त्यावर आहे. दादा जिन्याखाली स्टुलावर बसला होता, खाकी शर्टात. मला पाहून उठला नाही. मी कागद पुढं केला. त्याने शांतपणे, ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

"कोर्टात दे," मी म्हणालो. "मी येतो साक्षीला. नोकरी गेली तर गेली."

"मागच्या महिन्यात गुन्हा कबूल करून टाकला म्या," तो म्हणाला. "वकील म्हणे, दंड भरून सुटसान, नाहीतर तारखाच चालतीन. तुह्या वैनीची तब्येत बरोबर नाही. किती खेटे घालू?"

"मग आता?"

"आता काय? केस संपली. लेहून देल्लं आहे म्या, माहीच चूक होती म्हणून." त्याने कागद घडी करून मला परत दिला. "घाटात म्या स्टिअरिंग डोंगराकडं ओढलं अन् दरीकडं ओढलं नाही, हे मले माहीत आहे. लेकरायले माहीत आहे. ब्रेकचं तुले तं पयलेपासूनच माहीत होतं."

मी कागद खिशात ठेवला. तेवढ्यात रिक्षातून एक कुटुंब उतरलं. दादाने दोन बॅगा उचलल्या आणि कठड्याला कोपर टेकवत एकेक पायरी चढून वर गेला. मी तिथंच थांबलो. ते कुटुंब अंघोळ करून दर्शनाला निघूनही गेलं, पण तो खाली आला नाही.

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "रूम पायजे काय?"

मी नाही म्हणालो आणि स्टेशनकडे निघालो.