कुसुमताईचे पोपटवाले पत्ते

कुसुमताई गेली ते मले अजूनबी खरं वाटत नाही. १९७४ साल असंल. सकाळी तिनं माझ्या हातात चाय दिली, अन् उन्हं वर येत नाही तं तिचं अंग थंड. असं कसं होते जी?

ताई माझी मोठी बहीण. मी प्रेमिला, तिच्याच घरी इंदोऱ्याच्या बस्तीत राहून बिड्या वळत होती. चौकात एक पोपटवाला बाबा बसे. पोपट पत्ता उचले, बाबा लोकायले भविष्य सांगे. पोपट मेला तवा त्यानं धंदाच सोडला. ताई त्याले चाय देत जाय, म्हणून पत्त्याची थप्पी तिलेच देऊन गेला.

भाऊजी भडकले. देवाजी नाव त्यायचं, मिलमध्ये कामाले होते. "छप्पनमध्ये धम्माची दीक्षा घेतली तवा हे सारं सोडलं ना वं? मंग काहून घरात आणून राहिली?"

ताईनं देवायचे चित्र निवडून बाबाले वापस केले. उरले बैल, साप, विहीर, दिवा, पाण्यावरची नाव, असे हातानं रंगवलेले. "मी याले पुढचं नाही विचारत जी," म्हणे, "मीच मले विचारते."

रोज चाय उकळेपर्यंत डोळे मिटून एक पत्ता काढे. साप निघाला की म्हणे, "आज माझ्या जिभेवर विष हाय, मी कमी बोलीन." विहीर निघाली की बसून आठवे, कोणाचा राग मनात खोल ठेवला का म्हणून. भाऊजी चिडवत.

"काय वं, आज कोणाची ड्युटी?"

"बैलाची."

"तो तं घरीच बसला हाय!" म्हणून भाऊजी सोताकडे बोट दाखवून हासत.

बस्तीतल्या बाया मागं लागत, आमचंबी सांग ना. ती कोणाले सांगे नाही. बाजूची रुख्मिणी तं रुसूनच बसली होती, पोरीचं लग्न कवा जमते ते सांगितलं नाही म्हणून.

त्या दिवशी ताईले नाव निघाली. पत्ता कमरेले खोचून नळावर गेली, अन् थोड्या वेळानं बोंब आली, कुसुम पडली. मी पायात चप्पल न घालता धावली. डाक्टर आला, हात पाहिला, अन् तिच्या तोंडावर पदर ओढला.

घरी आणून निजवलं तं कमरेचा पत्ता खाली पडला. बाया बोलाले लागल्या, "नाव! नाव निघाली! पार जाचं हाय, हे तिले कळलं होतं वं." पाहतापाहता त्यायनं पत्ता ताईच्या उशाशी ठेवला. रुख्मिणीनं घरून कुंकू आणून त्याच्यावर बोट टेकवलं, हात जोडले, "कुसुमबाई, माह्या पोरीकडे पाहजो." माही बहीण मरून तासभर नाही झाला, अन् तिले देवीच करून टाकलं!

भाऊजी मिलमधून धावत आले होते, अन् तेवढ्या वेळ भिंतीले टेकून होते. उठले.

"रुख्मिणीबाई, नळावर बादली कोणाची होती?"

"माहीच," रुख्मिणी म्हणे. "माही कंबर धरली होती ना, कुसुमच म्हणे आण, मी भरून देते."

"नाव निघाली की कुसुम म्हणे, आज कोणाचं तरी ओझं वाहाचं. म्हणून तुम्ही रुसून असल्या तरी आली तुमच्याकडे. मरणाचं तिले काही मालूम नव्हतं. मालूम असतं तं मले कामावर जाऊ दिलं असतं का वं तिनं?"

त्यायनं पत्ता उचलला, गमछा ओला केला अन् कुंकू पुसाले लागले. पुसतच राहिले. कच्चा रंग, कुंकवासंग नावबी गेली, पाणीबी गेलं. नुसता मळका पुठ्ठा राहिला. तो त्यायनं रुख्मिणीपुढं धरला.

"सांगा आता. काय होते पुढं?"

रुख्मिणी तोंडाले पदर लावून खाली बसली, ताईचे पाय धरून रडाले लागली. पोरीचं नाव नाही काढलं तिनं. "काहून उचलली वं माही बादली," एवढंच म्हणे.