सुमनबाईंची जन्मतारीख

"तू बोलू नकोस. तू मला टाइप करून पाठव, मी बोलतो."

परदेशातल्या लोकांशी व्हिडिओ कॉल सुरू होणार होता. सरांनी लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. कॅमेऱ्यात ते आणि त्यांच्या मागचं पुस्तकांचं कपाट. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कॅमेऱ्याबाहेर. कर्वेनगरमधला त्यांचा फ्लॅट. काकूंनी पोहे आणून ठेवलेले. पुढचं वाक्य तर सरांनी अगदी मायेनं म्हटलं.

"तुमच्या लोकांचं इंग्रजी जरा कच्चंच राहतं गं. त्यात तुझा काही दोष नाही."

तुमच्या लोकांचं. मी पोहे खाल्ले. ते खाल्ले याचा मला आजही राग येतो. बशी सरकवून उठायला हवं होतं. नाही उठले.

हे तीन वर्षांपूर्वीचं. छोट्या दवाखान्यांत पेशंटची नोंद ठेवायचं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट, खुलं. जगभरातले लोक मिळून ते बनवतात, कुणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतं. पुण्यातल्या गटाचे प्रमुख हे सर. मी गटात गेले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं. मग, "मूळचे कुठले?" म्हटलं, खडकी. बाबा दारूगोळा कारखान्यात होते, क्वार्टरमध्येच वाढले. "तसं नाही गं. मूळचे?" म्हटलं, अकोल्याकडचे. "अच्छा, अच्छा." दोनदा. ते दुसरं 'अच्छा' कशासाठी असतं ते आम्हाला लहानपणापासून कळतं.

आणि हेच सर प्रत्येक कार्यक्रमात माइक हातात घेऊन सांगायचे, "आपल्याकडे जातबीत काही नाही. इथे फक्त काम बोलतं." टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत.

काम मी करत होते. ऑफिसातून आल्यावर रोज नव्या लोकांचे प्रश्न. सॉफ्टवेअर बसत नाही, पासवर्ड विसरला, ताई स्क्रीन पांढरी झाली. बीड, गोंदिया, नेपाळ, केनिया. एकेकाला बोट धरून शिकवलं. पण कुणाची दुरुस्ती घ्यायची आणि कुणाची नाही, हा अधिकार आमच्या गटात एकट्या सरांकडे. त्याला मेंटेनर म्हणतात. मी दोनदा म्हटलं, सर, मलाही तो अधिकार द्या, लोक ताटकळतात. "बघू. अजून जरा तयार हो." तयार हो म्हणजे काय, ते कधी सांगितलं नाही.

माझ्याकडे शिकलेल्यांत वाशीमकडची वैशाली होती. सरकारी दवाखान्यात डेटा ऑपरेटर. तिची अडचण खरी होती. जन्मतारीख भरल्याशिवाय आमचा फॉर्म पुढेच सरकायचा नाही. म्हाताऱ्या बायका खिडकीशी उभ्या. कुणाला माहीत असते हो जन्मतारीख? मग ही सगळ्यांना एक जानेवारी टाकायची. एका दिवशी जन्मलेलं अख्खं गाव! वैशालीनं डोकं लावून दुरुस्ती लिहिली. तारीख नसेल तर अंदाजे वय चालेल. तपासून बघायला पेशंट म्हणून तिनं स्वतःच्या सासूचं नाव घातलं. सुमनबाई, अंदाजे सत्तर.

दुरुस्ती पाठवली. सर काही बोलेनात. महिना गेला, दोन गेले, पाच गेले. मी विचारलं की म्हणायचे, "तिची इंग्रजीतली माहिती नीट नाही." मग मी ती नीट करून दिली. तरी नाही. शेवटी वैशालीचा फोन आला.

"ताई, मले वाटते माह्यंच काही चुकलं असन. जाऊ द्या. हे आपल्यासाठी नसते."

आपल्यासाठी नसते. ते वाक्य माझ्या छातीत बसलं. मी तिला आणलं होतं ना! काम बोलतं म्हणून मीच सांगितलं होतं.

पुढच्याच महिन्यात संध्याकाळच्या जागतिक कॉलमध्ये सर स्क्रीनवर एक नवी दुरुस्ती दाखवत होते. जन्मतारखेऐवजी अंदाजे वय. करणाऱ्याचं नाव, सरांचं. मी खडकीला घरी, माइक बंद, नेहमीसारखी टाइप करायला बसलेली. बघतच राहिले. ओळन् ओळ वैशालीची. उचलताना यांनी धड वाचलंसुद्धा नव्हतं. तपासणीतली सुमनबाई तशीच आत!

सगळे कौतुक करत होते. केनियातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, ही सुमनबाई कोण?

सर हसले. माझ्या चॅटमध्ये त्यांचा मेसेज आला. "पटकन सांग, हे कोण आहे?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं मी या माणसाच्या तोंडात शब्द घालत होते. आता चोरलेल्या बाईची ओळखही मीच करून द्यायची? मी टाइप केलं नाही. कॅमेरा लावला, माइक लावला.

"सुमनबाई वैशालीची सासू. ही दुरुस्ती वैशालीची. सहा महिन्यांपूर्वीची. ही लिंक."

इंग्रजीत बोलले. काळ चुकला, क्रियापद चुकलं. चुकू दे. सगळ्यांना व्यवस्थित कळलं. या कामात कुणी काय, कधी पाठवलं ते कायमचं नोंदलेलं असतं, जगात कुणालाही दिसतं. तारखा शेजारी शेजारी उघडल्या. आधी वैशालीची, सहा महिन्यांनी सरांची.

नंतर सरांचा फोन. "हे आपण आपसात मिटवलं असतं. जगासमोर पुण्याची शोभा केलीस. तुला वर कुणी आणलं, विसरलीस?"

"मी माझ्या कामानं आले, सर. आणि वैशालीचं नाव आज लागलं पाहिजे."

त्यांनी फोन ठेवला. नाव दोन दिवसांनी लागलं, तेही बाहेरच्या देशांतल्या मेंटेनरांनी लावलं. सरांचं पद अजून आहे. गटातल्या निम्म्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. एकानं कळवलं, इतकं ताणायला नको होतं. पाच महिने तिला ताटकळत ठेवलं, तेव्हा हा कुठे होता?

वैशाली अजून परत आलेली नाही. नाव लागल्याचं सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा मला फार त्रास होतो.

काल मी मेंटेनरपदासाठी अर्ज टाकला. सरांना न विचारता, जगभरातल्या सगळ्यांना मेल जातो त्या यादीवर, आडनावासकट पूर्ण नावानं. खाली तीन वर्षांचं काम जोडलंय. सगळ्यांनी वाचावं. मला नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण फोनवर नाही, मायेनं नाही, "अजून जरा तयार हो" असं तर मुळीच नाही. कारण लिहा, खाली आपलं नाव लिहा, आणि ते सगळ्यांसमोर ठेवा. मी उत्तर देईन.