तारेची भाषा

नौपाड्यात दवाखान्याच्या वरच्या खोलीत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई नसत्या, तर मी आज कुठल्या तरी गोदामात पोती उचलत असतो. हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं.

नव्वदच्या पुढची गोष्ट. आठवी सोडून नांदेडकडून आलेलो. शीळफाट्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात हमाली करता करता ठरलेले इंग्रजी शब्द पाठ केले आणि तारा लिहायच्या टेबलावर बसलो. 'ट्रक बंद. ड्रायव्हर पाठवा.' शब्दाला पैसे पडायचे, म्हणून 'बिकॉज', 'ऑल्दो' दिसलं की शेठचा लाल पेन फिरायचा. मग ऑफिसात फॅक्स आला. शेठ म्हणाले, "बी.ए.चं पहिलं वर्ष काढ, नाहीतर परत पोती." शाळा अर्धवट सोडलेल्यांना मुक्त विद्यापीठ घ्यायचं, तिथे नाव घातलं. इंग्रजीच्या पेपरची धास्ती होती, म्हणून बाईंकडे शिकवणी लावली.

बाईंकडे कॉलेजची मुलंही यायची. पहिल्याच रविवारी बाईंनी प्रवासावर निबंध लिहायला लावला आणि माझा मोठ्यानं वाचला. गाडी लेट. पाणी नाही. भूक. घरी पोचलो.

मागून एक जण ओरडला, "बाई, ही तर तार झाली! कोण गेलं ह्याच्या घरचं?"

सगळे हसले. मला वाटलं, आता कळणार, हा शाळासुद्धा पुरी न केलेला.

"हसू नका रे," बाई म्हणाल्या. "तुमच्या एकेका वाक्यात पाच-पाच बिकॉज, शेअर रिक्षात कोंबल्यासारखे!" मग माझ्याकडे वळल्या. "तुला स्वतःला कधी तार आलीय?"

आली होती. 'वडील सीरियस. निघ.' गाव येईपर्यंत मी त्यांना मनात कितीदा तरी जाळून आलो. पोचलो तर वडील ओसरीवर चहा पीत बसलेले. विंचू चावलेला, उतरलेला.

"का बोलावलंय ते लिहिलं असतं तर?"

"इतका घाबरलो नसतो."

"मग पेपर तपासणाऱ्यालाही का ते सांग ना. इथे शब्दाला पैसे नाही पडत."

परीक्षेत प्रत्येक 'बिकॉज'ला शेठ मागे उभे आहेत असं वाटायचं. एक खोडला, परत लिहिला. काठावर पास झालो. टेबल राहिलं.

बाईंना तेव्हा फक्त "थँक्यू" म्हणालो. तेही तारेसारखंच. त्यांना एक लांबलचक इंग्रजी पत्र लिहायचंय: शाळा का सोडली, आणि एवढी भीती वाटत असतानाही दर रविवारी तो जिना का चढत राहिलो. बसतो, दोन ओळी लिहितो आणि खोडतो. तरी लिहीन, बाई. एक 'का'सुद्धा न गाळता लिहीन.