दक्षिणेस गाव

नागपुरात जिकडेतिकडे नवे लेआउट पडत होते, तेव्हाची गोष्ट. मीही एक प्लॉट घेतला होता आणि रजिस्ट्रीच्या कचेरीबाहेर अर्जनविसासमोर बसलो होतो. माझ्या आधी एक बाई होती. कन्हान नदीतल्या बेटावर तिनं घरापुरती जागा घेतली होती. कागदाला हात लावण्याआधी ती दर वेळी पदराला बोटं पुसायची.

जागेच्या चारी बाजूंना कोण, ते कागदात लिहावं लागतं.

"पूर्वेले कोन?" अर्जनविसानं विचारलं.

"नदी."

"पश्चिमेले?"

"नदी."

"उत्तरेलेही नदीच का?"

"हो न भाऊ."

त्यानं टाक खाली ठेवला. "अन् दक्षिणेले? आता तरी एखाद्या मानसाचं नाव सांगा, बाई!"

बाई ताठ झाली. "एकाचंच काहून? पूर आला का आमी सतराही घरं एकाच डोंग्यानं निघतो. सारं गाव लिहा."

त्यानं लिहिलं, 'दक्षिणेस गाव.' बाईनं ती ओळ त्याला दोनदा वाचून दाखवायला लावली, मगच अंगठा उमटवला.

"तुमच्या शेजारी कोन जी?" त्यानं मला विचारलं.

मी खिशातून नकाशा काढला. माझ्या चारही बाजूंना नुसते नंबर होते.