लुर्डीनची परीक्षा आणि तिची कायमची पेशंट

लबनेचे रिकामे डबे आणि किस्से, दोन्हींचं एकच. मुद्दाम कोणी साठवत नाही. आतलं घट्ट दही संपलं, डबा बरा दिसला, धुऊन सिंकखाली सारला, असं करता करता एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळे अंगावर येतात. त्यात शेजारी नर्स राहत असेल, ती मानसिक आजारांच्या वॉर्डातली असेल आणि आपला स्वभाव माझ्यासारखा असेल, तर बघायलाच नको.

आम्ही दोह्याला, फरीज बिन ओमरानमध्ये राहतो. आमचे हे मेसईदला खताच्या कारखान्यात. मी सिन्नरची, दहावी पास, दिवसभर घरी. समोरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा दोन नर्सेस. एक केरळची, ती फारशी बोलायची नाही. दुसरी वसईची लुर्डीन. ती मला पहिल्या दिवसापासून काकी म्हणायला लागली आणि मी पहिल्या दिवसापासून तिच्या घरात डोकवायला लागले.

तिचा नवरा आणि चार वर्षांची रिया, दोघं वसईला. साध्या नर्सला इथे कुटुंब आणता येत नव्हतं. तेवढ्यात तिच्या हॉस्पिटलात वरची जागा निघाली, नर्स प्रॅक्टिशनरची. म्हणजे पेशंटला स्वतः तपासायचं, गोळ्या ठरवण्यात भाग घ्यायचा, अशी नर्स. त्या ग्रेडला फॅमिली व्हिसा होता. पण परीक्षा होती. पास झाली तर रिया येणार, नाही तर फोन कार्ड आहेच. एवढं सगळं मला ओळख झाल्यावर वीस मिनिटांत कळलं होतं.

*

कळलं नाही ते एकच. तिच्या वॉर्डात आपल्यातलं कोणी येतं का?

मी आडून विचारलं, सरळ विचारलं, पुरणपोळी देऊन विचारलं. ती पोळी खायची आणि म्हणायची, "काकी, येतं की नाही, तेसुद्धा सांगता येत नाही. परीक्षेतला पहिलाच धडा आहे तो."

मग मी युक्ती केली. तोंडाने सांगू नको, चेहरा तर दिसतो ना? मराठी मंडळाची यादी आणली आणि एकेक आडनाव वाचत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. देशपांडे. काही नाही. सावंत. काही नाही. मंडळाच्या सेक्रेटरीचं नाव मी दोनदा घेतलं, कारण मला त्याच्याबद्दल आधीपासून शंका होती. तरी काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही. बावन्न घरं वाचून झाली.

शेवटी वैतागून मी आमच्या ह्यांचं नाव घेतलं.

तोच चेहरा! तसाच्या तसा.

पुढचे आठ दिवस मी ह्यांना जेवताना निरखून बघत होते.

*

परीक्षेत पेशंटची मुलाखत घ्यायची असते. सरावाला कोणीतरी पेशंट हवा, म्हणून लुर्डीनने मला विचारलं. मला कार्डावर लिहून दिलं : वय पंचेचाळीस, झोप नाही, भूक नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. तिने घड्याळ लावलं, वही उघडली आणि कसं वाटतंय म्हणून विचारलं.

मी म्हटलं बरं नाही वाटत, तुझं कसं चाललंय? तिने बोलून चूक केली. म्हणाली, ठीक चाललंय. म्हटलं ठीक कसं, डोळे सुजलेत, फोन आला होता का वसईहून? तर हो, आला होता. रियाने फोनवर यायलाच नकार दिला होता म्हणे. मग तो विषय निघाला. मग सासूचा निघाला. मग केळीच्या बागेच्या वाटणीचा.

चाळीस मिनिटांनी घड्याळ वाजलं. लुर्डीनने नाक पुसून वहीकडे पाहिलं. पेशंटच्या पानावर फक्त माझं वय होतं. आणि मला तिच्या नणंदेच्या साखरपुड्यात कोण रुसलं होतं इथपर्यंत सगळं ठाऊक झालं होतं.

"काकी," ती म्हणाली, "ही मुलाखत घेतली कोणी?"

वर मला बरंही वाटत होतं. भूकसुद्धा लागली होती.

*

पुस्तक तिचं इंग्रजीत, विटेएवढं. एकदा ती आंघोळीला गेली असताना मी डिक्शनरी घेऊन बसले. पुस्तकात प्रत्येक आजाराची लक्षणं एकाखाली एक दिलेली. फार सोयीचं पुस्तक. तिसऱ्या धड्यात माझी सासू सापडली. सहाव्यात मंडळाचा सेक्रेटरी, त्याची मला खात्रीच होती. सातव्यात माझ्या दोन्ही जावा एकदम.

नववा धडा वाचला आणि पुस्तक हळूच मिटून ठेवलं.

लुर्डीन केस पुसत बाहेर आली. म्हणाली, नऊच्या पुढेही धडे आहेत. म्हटलं, असू देत.

*

माणूस भानावर आहे का हे बघायचे काही ठराविक प्रश्न असतात. आज वार कोणता, तारीख काय, आपण कुठे आहोत. लुर्डीनला पुरुष पेशंटचा सराव हवा होता, म्हणून मी ह्यांना बसवलं. हे नुकतेच शिफ्टवरून आले होते, बूट अजून पायात.

वार कोणता? हे म्हणाले, सेकंड मॉर्निंग.

लुर्डीन म्हणाली, काका, वार सांगा. हे म्हणाले, सांगितला की, काल सकाळच्या शिफ्टची फर्स्ट मॉर्निंग होती. तारीख विचारली तर म्हणाले, चार दिवसांनी ऑफ आहे. आपण कुठे आहोत? हे म्हणाले, बस चुकली नाही त्यामुळे घरीच असू.

पुस्तकाप्रमाणे ह्यांना त्याच दिवशी भरती करायला हवं होतं. ह्यांना ते फार लागलं. म्हणाले, मी एकटा नाही, आमच्याकडे सगळे असेच आहेत. आणि दुसऱ्या दिवशी खरंच कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सहा जणांना वार विचारून आले. पाच जणांनी चूक सांगितला.

सहाव्याने वार, तारीख, इतकंच काय, वाजले किती तेही बरोबर सांगितलं. तो त्या दिवशी दुपारच्या विमानाने गावी चालला होता.

*

आता बकऱ्याचा किस्सा. पेशंट कोण होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेवढं सोडून बाकी सगळं कळलं.

लुर्डीनच्या वॉर्डातलं कोणीतरी बरं होऊन घरी गेलं. त्या घरची आजी कतारी, जुन्या वळणाची. तिने लुर्डीनसाठी खजुराचा डबा पाठवला. लुर्डीनने परत केला. पेशंटकडून भेट घ्यायची नाही, हा दुसरा धडा. घ्यायचीच वेळ आली तर किरकोळ, खाण्याची, आणि सगळ्या वॉर्डात वाटून.

पण त्या घरांमध्ये कोणी भेट परत केली, तर आपण कमी पाठवलं असं समजतात. दुसऱ्या दिवशी डबा दुप्पट झाला. तोही परत. तिसऱ्या दिवशी टेबलाएवढं ताट आलं, भात आणि वर अख्खं मटण. लुर्डीनने हात जोडले, शुक्रन म्हटलं आणि धावत धडा पुन्हा वाचायला गेली. ताटही परत.

चौथ्या दिवशी वॉर्डाच्या गेटवर पिकअप थांबली आणि ड्रायव्हरने बकरा उतरवला. जिवंत. गेटवरचा नेपाळी गार्ड नियमाने वागणारा. त्याने व्हिजिटरच्या वहीत नोंद केली. कोणाला भेटायचंय : सिस्टर लुर्डीन. नातं : रिकामं सोडलं.

मेट्रन आयरिश होती, उंच, कधी हसायची नाही. तिने लुर्डीनला केबिनमध्ये बोलावलं. लुर्डीन घाबरली, परीक्षेच्या पॅनेलवर हीच मेट्रन बसणार होती. ती म्हणाली, मी आत्ताच्या आत्ता परत पाठवते. मेट्रनने खिडकीतून खाली पाहिलं. बकरा कोणाच्यातरी गाडीचं कव्हर खात होता.

"हा परत पाठवलास," मेट्रनने विचारलं, "तर उद्या काय येईल?"

लुर्डीनने प्रामाणिकपणे विचार केला. "उंट, मॅडम."

मेट्रनने रजिस्टर ओढलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : भेट किरकोळ, खाण्याची. वॉर्डात वाटली.

*

गप्प बसणं हीसुद्धा उपचाराची पद्धत आहे, हे मला लुर्डीनकडूनच कळलं. प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसतं समोर बसायचं. पेशंट आपोआप बोलतो. मी म्हटलं, हे काही खरं नाही. आमच्या घरात हे वीस वर्षं गप्प बसलेत, माझ्यावर काही परिणाम झालेला नाही.

ती म्हणाली, बसा. आणि समोर बसली. चेहरा शांत. हात मांडीवर.

पहिलं मिनिट मी हसले. दुसऱ्या मिनिटाला पडद्यांबद्दल बोलले. ती गप्पच. तिसऱ्या मिनिटाला मला घाम फुटला. एसी चालू असताना. आणि काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले की तुमचं आणि आमचं बाथरूम एकाच शाफ्टला लागून आहे, त्यातून तुमच्या घरातलं सगळं ऐकू येतं, आणि मी सहा महिने तिथे बादली पालथी घालून बसते.

लुर्डीन अजून गप्पच. मी रडकुंडीला आले. म्हटलं अगं बोल काहीतरी.

"माहीत आहे, काकी. बादली सरकवता ती आम्हाला ऐकू येते."

*

हा शेवटचा किस्सा सांगायला आता हरकत नाही. रिया आमच्याच जिन्यात उड्या मारते, मला इंग्रजीत उलट उत्तरं देते, तिचे बाबा वेस्ट बे भागातल्या एका हॉटेलची बाग बघतात. लुर्डीन पास झाली. कशी झाली ते मला विचारू नका, मार्क तिने कधी दाखवले नाहीत.

तर परीक्षा आली. हॉस्पिटलला खोटे पेशंट बनायला माणसं हवी होती, वेगवेगळ्या भाषांची. तसा कागद मंडळाच्या हळदीकुंकवात फिरला. मी तो पर्समध्ये घातला आणि पुढे दिलाच नाही. लुर्डीनलाही बोलले नाही. माझा हिशेब सरळ होता. आठ खोल्या, आठ पेशंट, प्रत्येक उमेदवार प्रत्येक खोलीत येणार. म्हणजे ती माझ्याकडे येणारच. आणि माझ्यासारखं मनमोकळं बोलणारं पेशंट तिला दुसरं कोण मिळणार?

मला पाच नंबरची खोली दिली. भिंतीशी दोन खुर्च्या, एकीवर तीच आयरिश मेट्रन, दुसरीवर एक आपल्याकडचे डॉक्टर, माझं हिंदी मेट्रनला सांगायला. आधी तीन उमेदवार येऊन गेले. मी त्यांना फारसं काही सांगितलं नाही. कशाला उगीच?

चौथी लुर्डीन. पांढरा कोट, इस्त्रीचा, हातात वही. तिने मला पाहिलं. मी खाली पाहिलं, अगदी पेशंटसारखं.

ती दारातच थांबली. मी पदराआडून खुणावत होते, ये, बस, विचार. पण ती वळली ती मेट्रनकडे. म्हणाली, या माझ्या शेजारी राहतात. घरच्यासारख्या आहेत. ओळखीच्या माणसाला मी तपासू शकत नाही, ते बरोबर होणार नाही. यांना दुसऱ्या नर्सकडे द्यावं.

मेट्रनने तिला शांतपणे सांगितलं, या खोलीला दुसरा पेशंट नाही. तपासलं नाहीस तर पाच नंबरचे मार्क शून्य धरावे लागतील, आणि पुढची परीक्षा वर्षाने.

लुर्डीनने वही छातीशी धरली. "तरी नाही, मॅडम."

एक वर्ष! आणि ते माझ्यामुळे. मी उठून उभी राहिले. म्हटलं ही बाई काहीतरी गल्लत करतेय. दोह्यात माझ्यासारख्या पन्नास जणी आहेत. मी हिला ओळखत नाही.

डॉक्टरांनी ते मेट्रनला सांगितलं. मेट्रनने चष्मा काढला, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डॉक्टरांच्या कानाशी काही बोलली. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि अगदी सावकाश, मराठीतच म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. तुम्ही यांना याआधी कधीच पाहिलेलं नाही?"

"कधीच नाही," मी म्हटलं. "देवाशपथ. आणि डॉक्टर, पोरीचा पासपोर्टसुद्धा काढून ठेवलाय हो यांनी, नुसत्या व्हिसासाठी अडलंय."